घुंगटामागचा आवाज

"याडीचे कान तुझ्या ओरडण्यानं गेले का, ते आज हिंगोलीत कान तपासले की कळंलच," उंबऱ्यावर बसून चपला घालता घालता प्रेमदास बायकोला म्हणाला, "आन् तसं निघालं, तर तू तिकडूनच साखऱ्याची गाडी धर. बापाच्या घरी जा. कापडाची पिशवी आत्ताच भरून घे."

तव्यावरची भाकरी उलटायला गेलेला मिनाचा हात तसाच थांबला. भाकरीच्या कडेला काळा डाग पडला, आणि तो डाग जणू आपल्याच जिवावर पडतो आहे असे तिला वाटले. एकच वाक्य... एक वाक्य बोलले असते तर ती त्याच क्षणी निर्दोष ठरली असती. पण ते वाक्य न बोलण्याचा शब्द तिने तीन वर्षांपूर्वी दिला होता. ती निमूटपणे उठली आणि दोन लुगडी पिशवीत घालू लागली.

सेनगावजवळच्या त्या तांड्यात मिना 'रूपसिंगची कडाडणारी सून' म्हणून ओळखली जाई. सासूला, म्हणजे पारुबाईला, घरात सगळे याडी म्हणत. आणि "याडी, जेवून घ्या" ही मिनाची साधी हाकसुद्धा तीन घरांपलीकडे शिवीसारखी ऐकू जाई. शेजारची निर्मलाबाई तर तोंडावर म्हणायची, "अगं, सासू हाय ती, बैल न्हाई."

पारुबाईला कमी ऐकू येते हे सर्वांत आधी मिनालाच उमगले होते. त्या दुपारी पारुबाईने सुनेचा हात ओढून आपल्या डोक्यावर ठेवला होता. "माझी आन हाय तुला. कोणाला बोलू नको. पोरींना ढावलो शिकवते मी... बहिरीकडं कोण आपली पोरगी धाडंल?" ढावलो म्हणजे सासरी निघालेल्या नवरीने एकेकाच्या गळ्यात पडून रडत म्हणायचे गाणे, निम्म्या तांड्याच्या मुली ते पारुबाईकडून शिकून सासरी गेल्या होत्या. तिच्या आयुष्याचा तो एकुलता एक मान. मिनाने मान हलवली, आणि त्या दिवसापासून घरची अपकीर्ती स्वतःच्या पदरात बांधून घेतली. त्यात सासऱ्यांसमोर हनुवटीपर्यंत घुंगट घेण्याची घरची रीत. सुनेचे ओठ सासूला दिसायचेच नाहीत, मग ओरडण्यावाचून दुसरा उपाय तरी कोणता होता?

गेल्या आठवड्यात रस्त्यावर जीपचा भोंगा पारुबाईला ऐकू आला नाही. प्रेमदासने तिला दंड धरून मागे ओढले, म्हणून ती वाचली. आईच्या कानांत काही बिघाड आहे हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळले, आणि त्याने त्याचा अर्थ लावला तो असा की, रोजच्या आरडाओरड्याने तिचे कान फुटले!

हिंगोलीच्या त्या लहानशा कान-तपासणी केंद्रात पुनम नावाची तरुण तपासनीस होती. तिने पारुबाईला काचेच्या बंद खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि काचेअलीकडून सांगितले, "आजी, मी एकेक शब्द म्हणेन. जसा ऐकू येईल तसा माघारी म्हणा." मग तिने एका पुठ्ठ्याने स्वतःचे तोंड झाकले.

इतकी वर्षे पारुबाईने "व्हय, व्हय" म्हणत, मान डोलावत निभावून नेले होते. त्या खोलीत मान डोलावून भागणार नव्हते. पाच-सहा शब्द तिने अंदाजाने चुकीचेच म्हटले, आणि शेवटी केविलवाण्या स्वरात म्हणाली, "तो पुठ्ठा काढ की बाई... तोंड दिसून नाही राहिलं."

बाहेर बसलेल्या प्रेमदासची मान हळूच वर झाली.

पुनमने पुठ्ठा खाली ठेवला. "घरी कोणती भाषा बोलता तुम्ही?"

"गोरमाटी," रूपसिंग म्हणाला.

"मग माझे मराठी शब्द आजींना आणखीच अवघड. ताई, तुम्ही या. रोजच्या वापरातले शब्द तुमच्या बोलीत या माइकमध्ये म्हणा. अगदी साध्या आवाजात. मोठं करायचं ते यंत्र करील."

मिना उठली, पण घुंगटाचे कापड माइकवर घासले आणि नुसती खरखर झाली. ती अवघडून उभी राहिली. समोर सासरे होते. रूपसिंगने क्षणभर सुनेकडे पाहिले, मग तो खुर्ची मागे सारून उठला. "मी भायेर चहा पिऊन येतो. तू बोल, सूनबाई."

मिनाने पदर मागे सारला. "बाटी," ती म्हणाली. "गावडी... पाणी..." भाकरी, गाय, पाणी, रोजचेच शब्द.

प्रेमदास ऐकतच राहिला. लग्नाच्या पहिल्या वर्षी याच आवाजाने त्याच्याशी गुजगोष्टी केल्या होत्या. इतका मऊ, संथ, थोडासा लाजणारा आवाज... तो कुठे गेला हे त्याने कधी विचारलेसुद्धा नव्हते.

काचेपलीकडे पारुबाई गप्प होती. पुनमने बटण थोडे फिरवले, तरी गप्पच. आणखी फिरवले, आणखी... आणि एकाएकी पारुबाईचा चेहरा उजळला. "बाटी," ती म्हणाली. "गावडी. पाणी." पंचवीस शब्दांतले एकवीस तिने बिनचूक म्हटले.

चहा पिऊन परतलेल्या रूपसिंगच्या पावलांची चाहूल लागताच मिनाचा घुंगट पुन्हा खाली आला. पुनमने कागद सर्वांपुढे ठेवला. "हे वयानं झालेलं आहे. दोन्ही कान सारखेच, हळूहळू उतरलेत. दहाएक वर्षं तरी झाली असतील."

"ओरडण्यानं न्हाई?" प्रेमदासने विचारले.

"नाही हो. उलट साध्या बोलण्यातलं त्यांना जवळपास काहीच कळत नाही. मोठ्यानं बोललं की कळतं. घरात कोणीतरी नेमकं तेवढ्याच मोठ्यानं बोलत असणार, म्हणून त्या एकट्या पडल्या नाहीत. आता कानात मशीन बसवू. पण बोलताना तोंड समोर, उघडं पाहिजे."

प्रेमदासने पिशवीकडे पाहिले, मग मिनाकडे. "तू सांगितलं काहून न्हाई?"

उत्तर खोलीच्या दारातून आले. मुलाचा उतरलेला चेहरा पाहूनच पारुबाईला सगळे कळले होते. "बहिरीकडं पोरी येणार न्हाईत, म्हणून मीच आन घातली व्हती तिला," ती म्हणाली आणि तिला रडू कोसळले. "माझा मान राखाया लेकरानं अख्ख्या तांड्याचं ऐकून घेतलं रे... तुझंबी." पुढे येऊन तिने, रूपसिंगच्या देखत, सुनेचा घुंगट मागे सारला. "आता ही रीत आपल्या घरात न्हाई. मला हिचं तोंड दिसलं पायजे."

"मी कुठं न्हाई म्हनलं," रूपसिंग पुटपुटला, आणि मग तिच्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "आन् पोरी तुझ्याकडं येतीलच की. शिकवायला तुझा गळा लागतो, कान न्हाई."

प्रेमदासने कपड्यांची पिशवी उचलून खांद्याला लावली. ती मिनाच्या हातात त्याने घरापर्यंत पुन्हा दिली नाही.

सेनगावच्या जीपमध्ये रूपसिंग पुढे बसला, तिघे मागे. मोठ्याने ओरडून माणूस जेवायला बोलावू शकतो, औषधाची आठवण देऊ शकतो. पण गंमत ओरडून सांगता येत नाही. तीन वर्षांच्या अशा किती गमती मिनाच्या पोटात साठल्या होत्या! पारुबाईने तिची हनुवटी आपल्याकडे वळवली. "बोल."

मिनाने पुढच्या आसनाकडे डोळ्यांनी खूण केली, आणि आवाज अजिबात न काढता, नुसते ओठ सावकाश हलवून सांगितले, "बापू घोरले की गावडी दावं तोडती."

पारुबाई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली.

"काय झालं?" रूपसिंग मागे वळला. "कशाला हसून राहिली?"

पारुबाईने शांतपणे मान डोलावली.

"व्हय, व्हय," ती म्हणाली.