पुसता न येणारी नावं

ताईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. रुग्णालयाचा मेल सर्व्हर त्या सांभाळत, आणि नेमका आजच तो बाहेरून येणारा प्रत्येक मेल परत धाडत होता. तिसऱ्या मजल्यावर त्यांचा नवरा उपाशीपोटी पडला होता. प्रयोगशाळेचा रिपोर्ट मेलने आल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशनला हात लावणार नव्हते.

कारण सापडलं तेव्हा त्या आणखीच भडकल्या. प्रत्येक मेलच्या माथ्यावर वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या ओळी असतात. एखाद्या ओळीचं नाव नवं दिसलं, की सर्व्हर ते डेटाबेसमध्ये कायमचं नोंदवतो. या नावांना मर्यादा असते. पेशंटचे मेल पाठवणारा प्रोग्रॅम लिहिताना प्रोग्रॅमरने पेशंटचा नंबर ओळीत लिहायचा सोडून ओळीच्या नावातच घातला होता. दर पेशंटमागे एक नवं नाव, आणि आता मर्यादा संपली होती, म्हणून सर्व्हर मेल घेईना.

ताईंनी त्याला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, "तो प्रोग्रॅम कधीच बंद केलाय, ताई. तुमच्यासमोर."

ते खरं होतं, म्हणून त्यांना जास्तच चीड आली. नवी नावं तर कालपर्यंत नोंदली गेली होती. तो प्रोग्रॅम ज्या मशीनवर होता, त्यांनी उठून त्या मशीनची वायरच उपटली. मग कोरा डेटाबेस उभा करून सगळ्यांच्या मेलपेट्या तिकडे हलवल्या. रिपोर्ट आला. दुपारपर्यंत ऑपरेशन नीट पार पडलं.

आता या नंबरांचा छडा लावायचाच, म्हणून त्यांनी शेवटचे काही नंबर नोंदणी खिडकीवरच्या काकांना फोनवर वाचून दाखवले.

"हे सगळे गेले, ताई," काका चाचरत म्हणाले.

ताईंनी तारखा ताडून पाहिल्या. प्रत्येक नाव आधी नोंदलं होतं, माणूस नंतर गेला होता.

कोऱ्या डेटाबेसमध्ये एक नाव आलं होतं.

नवऱ्याचा नंबर त्यांना पाठ होता. हा तो नव्हता. त्यांच्या जिवात जीव आला.

त्यांनी तो काकांना वाचून दाखवला.

"हा अजून कुणाला दिलेलाच नाही."

"नीट बघा, काका," त्या खेकसल्या.

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला.

"हां, आत्ताच पडला. तुमच्या लेकीला. बाबांना चढवलेल्या रक्ताच्या बदल्यात रक्त द्यायला आलीय. इथेच उभी आहे, मनगटाला नंबराची पट्टी बांधतोय तिच्या."