न मारलेल्या हाकेला ओ

चाळीस वर्षं मी एका साप्ताहिकात विनोदी सदर लिहिलं. त्यात खरं काहीच नसायचं. तरी लोक बाजारात गाठून विचारायचे, "विल्सनबाब, तो सरपंच म्हणजे आमचोच मां?"

आता खरं सांगतोय, तर तुम्ही म्हणाल म्हातारा चेष्टा करतोय.

म्हणा.

मालवणच्या बाजारापासून जरा आत, माडांच्या मागे आमचं घर आहे. गेल्या डिसेंबरात, फेस्ताच्या दिवशी, म्हणजे चर्चच्या सणाला, भर दुपारी त्या घरात जे झालं ते मी एकट्याने ऐकलं. पण त्याआधीचं तिघांनी ऐकलंय.

माझी बायको कोन्सेसांव. मी तिला कोन्सू म्हणायचो. दुपारी जेवून व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत पडलो, की मी हाक मारायचो.

"कोन्सू..."

आतून उत्तर यायचं, "ओ."

मग ती पदराला हात पुसत खुर्चीमागे येऊन उभी राहायची. "काय व्हया?"

"काय नाय."

मग ती परत जायची. आमचा संसार असा झाला. पुढे पुढे तर खुर्ची करकरली की हाकेआधीच तिची ओ यायची.

तिच्या डोक्यात गाठ झाली. ऑपरेशन झालं, आणि वर्षभराने ती गेली.

मी रडलो नाही. लोक भेटायला आले, त्यांना चहा दिला. बांगड्याचा भाव विचारला. एक मात्र केलं नाही. तिचं नाव घेतलं नाही.

ऑपरेशनच्या वेळी त्या गाठीचा एक तुकडा गोव्यातल्या एका लॅबला दिला होता. कोन्सूच्या परवानगीनेच. माझ्या भावाची मुलगी जॅनेट तिथे संशोधन करते. आम्हाला ती तियू-तिया म्हणते, काका-काकू. तिने त्यातल्या पेशी बाटलीत वाढवल्या.

त्या अजून जिवंत आहेत. रोज वाढतात.

बायको सिमेतेरीत पुरलेली, आणि तिचा थोडा भाग गोव्यात नोकरीला. मी यावर सदर लिहिलं असतं. पण काही सुचलं नाही.

जॅनेटचं काम तिने मला एकदा समजावलं होतं. मेंदू घडत असतो तेव्हा त्यात कोवळ्या मूळपेशी असतात. पुढे काय व्हायचं ते त्यांचं ठरायचं असतं. त्यांच्या आत नेस्टिन नावाची एक खूण असते. अशा गाठीतही ती सापडते. ती शोधायला मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरतात.

"म्हणजे काय गो?"

"तियू, सगळी एकाच पेशीची पिल्लावळ. सगळ्यांचो स्वभाव एक. एकच खूण वळखतत, दुसऱ्याक हात लावणत नाय."

"आमच्या घराण्यात असा एक पण नाय."

"तां म्हायत आसा," ती म्हणाली. "तर ह्यो पयलो अँटिबॉडी जाता आणि नेस्टिनाक हाक मारता. दुसरो बत्ती घेवन त्याच्या मागसून जाता. नेस्टिन असला तर थंय हिरवा चमकता."

ही पहिली अँटिबॉडी मूळ उंदराची असते म्हणे. कोन्सू जन्मभर उंदराला भ्यायली. उंदराच्या हाकेला ती ओ देईल, हे मला तेव्हाच पटलं नव्हतं.

ती गेल्यावर काही दिवसांनी...

जेवून खुर्चीत पडलो होतो. पंखा चालू होता. कावळासुद्धा ओरडत नव्हता.

आतून आवाज आला.

"...ओ."

मी हाक मारली नव्हती.

उठलो. स्वयंपाकघर रिकामं. माठ, ताटं, खिडकी. बाहेर कुणी नाही.

भीती वाटली का? नाही. मला त्या दिवसांत काहीच वाटत नव्हतं. मी येऊन परत पडलो.

दुसऱ्या दिवशीही आली. मग रोज. शेवटी शेजारची राधाबाई कुंपणापलीकडून म्हणाली, "कोन्सूबाय ओ दिता, नि तुमी गप काय ऱ्हवलात, विल्सनबाब?"

बोलून झाल्यावर तिला आठवलं. सुकत घातलेले कपडे तसेच टाकून ती आत गेली.

मग एका रविवारी जॅनेट आली. चेहरा उतरलेला. बांगड्याची कढी तिने नुसती चिवडली.

"तियू, माझा सगळा काम फुकट जातला."

प्रत्येक प्रयोगात पेशी ठेवलेली एक काच अशी असते, की तिच्यावर पहिली अँटिबॉडी घालायचीच नाही. हाक मारणाराच नाही, तर बत्तीवाला जाणार कुणाच्या मागे? ती काच काळी राहायला हवी. ती चमकली तर बाकीच्या काचांवरही विश्वास ठेवता येत नाही.

"आणि ती चमकता," जॅनेट म्हणाली. "बाटली बदललंय, पाणी बदललंय. दुसऱ्या पेशंटांच्या पेशी काळ्याच ऱ्हवतत. तियाच्याच तेवढ्यो चमकतत. तिया असताना सगळा बरोबर येय."

"मग?"

"सर म्हणतत, आणखी एक आठवडो. नायतर पेशी फेकून दी, पीएचडी नव्यान सुरू कर." ती ताटाकडे बघत राहिली. "तियू, कोणी विचारणत नाय, आणि उत्तर येता."

आम्ही व्हरांड्यात आलो. मी खुर्चीत बसलो. खुर्ची करकरली.

"...ओ."

जॅनेटने माझ्याकडे पाहिलं. "तुमी हाक मारलात?"

"नाय."

"मगे तियान ओ कोणाक दिल्यान?"

तिने आत डोकावून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "उद्या दुपारी मी काचो लावतंय. तेव्हा तुमी हाक मारा."

"ह्या तुझ्या पुस्तकात आसा?"

"नाय. पण बघूक काय जाता?"

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीत बसलो. तोंड उघडलं. एवढं दोन अक्षरी नाव...

"कोन्सू."

घर गप्प.

पहिल्यांदाच. आतून काही आलं नाही.

संध्याकाळी जॅनेटचा फोन. "तियू... काळोख आसा. पुरो काळोख." काळोखाची बातमी इतक्या आनंदाने दिलेली मी कधी ऐकली नव्हती. बाकीच्या काचा जशा चमकायला हव्यात तशा चमकत होत्या.

एक दिवस मी मुद्दाम हाक मारली नाही. घरात ओ आली. तिकडे काच चमकली.

तेव्हापासून मी रोज हाक मारतो. जॅनेटचं काम मार्गी लागलं, पेशी वाचल्या. व्यवहार सोपा आहे. हाक मारली की कोन्सू ओ देत नाही. तिचा आवाज ऐकायचा तर हाक मारायची नाही, आणि पोरीचं काम बुडवायचं.

मी हाक मारत राहिलो.

मग डिसेंबर आला. गोव्यात फेस्ताची सुट्टी. लॅब बंद. काचा नाहीत.

म्हणजे त्या दुपारी हाक मारायची गरज नव्हती.

मी दोन घास कमीच जेवलो. खुर्चीत बसलो. दूर कुठेतरी फटाके वाजत होते, तेही थांबले.

"...ओ."

मी डोळे मिटून घेतले. तेवढंच ऐकायचं होतं. तेवढंच पुरे होतं.

पण मग पावलं आली. स्वयंपाकघरातून, सावकाश... व्हरांड्याच्या उंबऱ्यापर्यंत... माझ्या खुर्चीच्या मागे.

थांबली.

"काय व्हया?"

या प्रश्नाला आमच्या घरात एकच उत्तर होतं. "काय नाय." ते दिलं असतं तर ती गेली असती. नेहमी जायची तशी.

मी ते दिलं नाही.

पंखा फिरत राहिला. मी मागे पाहिलं नाही. राधाबाईच्या नळाला पाणी आलं, तेव्हा कुठे मी उठलो.

सुट्टी संपली. लॅब सुरू झाली. मी पुन्हा रोज हाक मारतो, आतून ओ येत नाही. काच काळी राहते. जॅनेट खूश आहे. त्या पेशी अशाच वाढत राहतील म्हणते, नीट सांभाळल्या तर कितीही वर्षं. माझं तसं नाही. मी चौऱ्याहत्तरचा आहे. माझ्यामागे हाक कोण मारणार, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

आणि एक गोष्ट तिला सांगितलेली नाही.

फेस्ताच्या दुपारी ती खुर्चीमागे आली, ती परत गेलेली मी ऐकलेली नाही.