रिंगणातला तेविसावा धोंडा

विस्तवाजवळ सरका, पोट्टेहो. अन् ज्याले बाहेर जायचं असन त्यानं आताच जाऊन या. मंग कोनी सोबतीले येनार नाई.

मेडशीचा रामकिसन माहा दोस्त. त्याच्या वावराच्या धुऱ्यावर लई जुन्या लोकायच्या मढ्यायचं रिंगन. मंधात मातीचा उंचवटा, भवताल काळे धोंडे. घर बांधतानी त्यानं त्यातला एक उपटला अन् उंबरठा म्हनून बसवला. चपटा, सरळ अन् फुकट. तेवढीच आमची अक्कल.

त्या घरात दोन लेकरं बारशाच्या आतच गेले. तिसरी पोरगी झाली. नवव्या दिवशी तिनंही दूध सोडलं. त्याची बायको गोजराबाई म्हने, "ज्याचा धोंडा हाय त्याले देऊन या."

पन तवापर्यंत सरकारी सायब येऊन गेला होता. त्यानं धोंड्यायवर चुन्यानं नंबर टाकले, पाटी लावली, तांड्यातल्या सेवादासले राखनीले ठेवलं. सेवादास म्हने, "कागदावर एकवीस हायत, रामकिसन. रिंगनातून एक काढला तरी जेल, एक जास्तीचा ठेवला तरी जेल."

सन अडतीस, पौष अमावस्या. सेवादास पोहरादेवीले गेलता. रामकिसननं उंबरठा उखडला, बंडीत घातला अन् रिंगनात नेऊन जुन्या खड्ड्यात बसवला. बसला बरोबर. त्याले वाटलं, सुटलो.

वापस निंगाला. बंडी रिकामी…

पन बैल चालेनात. तोंडाले फेस. जू मानेत रुतून राह्यलं.

त्यानं मांगं पाह्यलं नाई.

दारापाशी बंडी एकदम हलकी झाली. अन् दाराले उंबरठा नव्हता…

आत झोळी हालून राह्यली होती. गोजराबाई दोरी धरून.

पोरगी थंडी पडली होती. गालावरचा काजळाचा टिक्का… नव्हता.

सकाळी सेवादास पोहरादेवीहून वापस आला तसा मी अन् तो रिंगनात गेलो. मंधात एक नवा गोटा. वीतभर. त्याच्यावर काजळाचा टिक्का. ओला.

गोजराबाईनं तो पदर पसरून मांगतला. सेवादास रडला, पन नाई म्हने. सायब आला. पह्यल्या मोजनीत दोन सुटले असतीन म्हने, अन् नंबर टाकले. बावीस. तेवीस. आता त्याले कोनी हात लावू शकत नाई, मायही नाई.

ती अजून रोज त्या पाटीपाशी बसते. सहा पावसाळे झाले. चुन्याचा नंबर कवाच धुतल्या गेला.

काजळ तसंच हाय.