व्यंकटरावांची पाचवी काठी

बोरीत रस्त्याला लागूनच नागेशचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे. त्या सकाळी दुकानासमोर व्यंकटरावांची जुनी जीप उभी होती. अंगावर झेंडूच्या माळा, पाठीवर थर्माकोलचा लालभडक बदाम, बदामावर नवरा-नवरीची नावं. आणि पुढच्या सीटवर खुद्द नवरी, त्यांची लेक रोहिणी, हळदीच्या अंगानं कागदातली भजी खात बसलेली. लग्नाच्या दिवशी नवरी वायरिंगवाल्याच्या दारात! पण तिचा हट्टच तसा. मांडवात जाईन तर अण्णांच्याच जीपमधून. आईची अट त्याच्याही पुढची. अण्णा कधी चाळीसच्या वर गेले नाहीत, तेव्हा वेगाचं मीटर चालत असेल तरच जीप निघेल. मांडव देवगाव फाट्याच्या पलीकडे, मुहूर्त दुपारचा, आणि मीटर बिघडलेलं.

नागेशला घाम फुटला होता, कारण ते इलेक्ट्रॉनिक मीटर त्यानेच बसवलं होतं. जुनी केबल कुठं मिळेना, मग करणार काय? व्यंकटराव तेव्हा म्हणालेही होते, "नाकापेक्षा मोती जड झाला रं." गेल्या पोळ्याला ते गेले.

"गाडी उभीच हाय, आन काटा उडायलाय," रोहिणीचा भाऊ गोपाळ म्हणाला.

काटा खरंच उडत होता. एकदा, दोनदा, तीनदा, चारदा. मग अधांतरी थरथरत थांबायचा, कुणाची तरी वाट बघितल्यासारखा, आणि पडायचा.

नागेशने अर्थिंगची तार घासली. बॅटरी तपासली. चाक फिरलं की मीटरला कळवणारा सेन्सर असतो, तोच काढून हातात घेतला. आता मीटरला चुगली करणार कोण?

काटा चारदा उडाला.

"काट्यालाच लगीनघाई झाली वाटतं," रोहिणी खळखळून हसली.

नागेशही हसला. मग त्याने मीटरच्या मागचं सॉकेट उपसलं आणि बॅटरीची तारही सोडली.

काटा चारदा उडाला. आणि थांबला.

रोहिणीचा हात कागदातच राहिला. "नागेशभाऊ, अण्णा निघायच्या आधी गाडीला फेरी घालायचे, ध्यानात हाय? काठीनं एकेक चाक ठोकायचे."

"हाय की. चार चाकाला चार टोले."

"आन पाचवा स्टेपनीला."

तिघांनी मागं पाहिलं. बदाम लावायला जागा पाहिजे म्हणून गोपाळने स्टेपनी काढून घरी ठेवली होती.

"काठी तर आमी त्यांच्यासंगंच चितेवर ठेवली," गोपाळ पुटपुटला.

"शॉर्ट असंल कुठंतरी," नागेश म्हणाला. सोडलेल्या तारेत कसला आलाय शॉर्ट, हे त्यालाही कळत होतं. "पण तू जा, स्टेपनी आण. बिनस्टेपनीची गाडी घेऊन कुणी निघतं का?"

"तुमच्या स्कूटरला तरी कुठं हाय?" रोहिणी म्हणाली. "अण्णा तुमच्या स्टेपनीच्या रिकाम्या अडकणीवर बी काठी वाजवायचे. 'इथं काय लावतूस, देवाचा फोटू?'"

तेवढ्यातही तिघांना हसू आलं.

स्टेपनी आली, बदाम उतरला. शेवटचा नट आवळला आणि काटा उडाला. चारदा. मग पाचव्यांदा. आणि शून्यावर गपगार निजला.

नागेशने सगळं परत जोडलं, चाक जॅकवर उचलून फिरवलं. मीटर शहाण्यासारखं चालू लागलं. रोहिणीने डोळे पुसले, काट्याकडे बघून म्हणाली, "चला अण्णा." जीप निघून गेली.

दुपारी गोपाळचा फोन आला. मागं नुसता गलबला. "भाऊ, फाट्याच्या अलीकडं टायर फुटलं! स्टेपनी होती म्हणून मुहूर्त गाठला. या बिगीबिगी, जिलेबी संपायलीय!"

नागेशने खुशीत हात धुतले, दुकानाला कुलूप घातलं आणि स्कूटरवर बसला. तिच्या मीटरची केबल तुटून वर्षं झाली होती. काटा तेव्हापासून मेलेला.

किक मारायच्या आधीच तो उडाला.

एकदा.

दोनदा.

आणि मागं, रिकाम्या अडकणीच्या लोखंडावर, काठीचा टोला वाजला.