डग्गा कुणी पळवला?

रेहानाबाईंच्या गाडीतून डग्गा चोरीला गेला होता. गाडी जागेवर, नवे स्पीकर जागेवर, नवा अँप्लिफायरसुद्धा जागेवर. गेला होता तो फक्त डग्ग्याचा आवाज. आता आवाज कोण चोरणार, असं तुम्ही म्हणाल. पण अकरा वर्षांच्या केतकी मगदूमला विचारा. तिचा चोर कधीच ठरला होता. गुणाजी!

गुणाजी म्हणजे तिच्या आजोबांच्या वर्कशॉपमधला यंत्रमानव. आजोबांना सगळं मिरज तात्या म्हणायचं. तीस वर्षं प्रयोगशाळेत आवाजाचा अभ्यास करून ते निवृत्त झाले आणि त्यांनी हे वर्कशॉप काढलं. सन २०५१मध्ये गाड्या स्वतःहून चालत होत्या, पण कारखान्यातून त्यांच्यात येणारे स्पीकर अजूनही कागदी पडद्याचे आणि किरटे. ते काढून तात्या चांगले बसवायचे. गुणाजी दोन महिन्यांपूर्वी आला आणि केतकीला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. माणूस असो की यंत्र, कुणी इतकं गप्प राहिलं की तिला शंका यायचीच.

रेहाना शिकलगार गावोगावी जाऊन तबला शिकवत. झाडाखाली गाडी उभी करायची, दारं उघडायची आणि मुलांना जुन्या वादकांचं वाजवणं ऐकवायचं, असा त्यांचा वर्ग. सोमवारी दोन्ही दारांत नवे स्पीकर बसले. रेहानाबाईंनी तबल्याचा एक कायदा (बोलांची ठरलेली रचना) लावला आणि त्यांचा चेहरा पडला.

"तात्या, 'ना' खणखणीत वाजतोय. पण 'घे'चा घुमारा कुठं गेला? आधीच्या डबड्यातसुद्धा डग्गा ऐकू यायचा की."

तात्यांनी तारा तपासल्या, जोडण्या घट्ट केल्या, तीन दिवस कान लावून बसले. काही सापडेना. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी पक्कड खाली ठेवली.

"कानच गेले माझे, केतकी. दुसऱ्याच्या गाडीशी आता खेळ नको. शनिवारी वर्कशॉप बंद करतो. हत्यारं शाळेला देऊन टाकू."

केतकीला हे पटेना. तात्या म्हणजे वर्कशॉप. ते बंद झालं तर हा माणूस दिवसभर करणार काय? खिडकीत बसून रस्ता बघणार?

आणि हे सगळं कुणामुळे? सोमवारीच तिने गुणाजीला विचारलं होतं, "तू गाडीत काही केलंस का?" त्यावर तो तात्यांकडे बघून म्हणाला होता, "मला आत्ता काही सांगायचं नाही." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! शाळेला सुट्टी होती. तेव्हापासून केतकीने गुणाजीची पाठ सोडली नव्हती. सकाळी तात्यांबरोबर यायची, रात्री त्यांच्याबरोबरच घरी जायची. डबासुद्धा ती त्याच्या आणि तात्यांच्या मध्ये स्टूल टाकून खायची. गुणाजी दोनदा तात्यांच्या जवळ सरकला, हिला बघून पुन्हा मागे गेला. तिने तेही वहीत लिहून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी ती गाडीत शिरली. एखादा स्पीकरच खराब असेल, तर कळेल तरी. तिने आवाज फक्त डाव्या दाराला दिला. डग्गा घुमला. मग फक्त उजव्या दाराला दिला. तिथेही घुमला, आणि कसा! मग दोन्ही एकदम चालू केले. डग्गा गायब.

ही काय भानगड? एक आणि एक मिळून शून्य? नक्की गुणाजीने मध्ये काहीतरी लपवलंय. ती तरातरा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"खरं सांग. काय केलंस तू?"

"तू आधी बाहेर जा," गुणाजी शांतपणे म्हणाला. "मला तात्यांशी एकट्याने बोलायचंय."

"म्हणजे त्यांना गंडवायला मोकळा."

"जा गं दोन मिनिटं," तात्या थकून म्हणाले.

केतकी गेली, पण दाराबाहेर कान लावून उभी राहिली. तुम्हीही तेच केलं असतं.

"तात्या," आतून गुणाजी म्हणाला, "डाव्या स्पीकरला तुम्ही कुंकू चुकून उण्या टोकावर लावलंत. मी तुमच्या खुणेप्रमाणे तार जोडली."

नव्या वस्तूला कुंकू लावल्याशिवाय तात्या ती बसवत नसत. ते बोट ते नेमकं स्पीकरच्या अधिक टोकावर टेकवत. पूजाही झाली, खूणही झाली. आणि गुणाजीला हुकूम होता, कुंकू दिसेल तिथे लाल, म्हणजे अधिकची तार. तात्यांनी तारा तपासल्या त्याही याच खुणेवरून.

तात्यांनी केतकीला हाक मारली. त्यांच्या हातात घड्याळातला साधा सेल होता. त्यांनी स्पीकरच्या जाळ्या काढल्या, तारा अँप्लिफायरपासून सोडवल्या आणि सेल उजव्या दाराच्या तारांना टेकवला. स्पीकरचा पडदा टुणकन बाहेर आला. मग तसाच डाव्या दाराच्या तारांना टेकवला. तिथला पडदा मात्र आत गेला.

"याला ध्रुवता म्हणतात (तारेची अधिक आणि उणी बाजू). आता एक कर. हे दार तू आतून ढकल, मी बाहेरून ढकलतो. हललं?"

"नाही. आपण एकमेकांविरुद्ध ढकलतोय."

"तेच झालं. एक स्पीकर हवा पुढे ढकलतो, त्याच क्षणी दुसरा मागे ओढतो. हवा जागच्या जागी. आवाज म्हणजे हवेची हालचाल, मग तो येणार कुठून? दोन्ही वेगळे वाजवलेस तेव्हा भांडायला समोर कुणी नव्हतं."

"मग 'ना' कसा ऐकू येतो?"

"डग्ग्याची लाट तीन-चार मीटर लांब असते. अख्खी गाडी तिच्यात मावते, म्हणून गाडीत कुठेही बस, ती मरतेच. 'ना'ची लाट वीतभर. दोन स्पीकरच्या लाटा कुठे एकमेकींना मारतात, कुठे हात देतात. म्हणून तो वाचतो."

केतकी गुणाजीकडे वळली. "तुला सोमवारपासून माहीत होतं. बोलला का नाहीस?"

"तात्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. दुसऱ्या कुणासमोर थोरांची चूक काढायची नाही. मी तात्या एकटे असण्याची वाट बघत होतो. पण तू चार दिवस हलली नाहीस."

केतकीचे कान तापले. चोरावर पहारा म्हणून बसलेली ती, औषधाची वाट अडवून बसली होती. "चुकलं माझं," ती म्हणाली. हे तिला वहीत लिहावं लागलं नाही, चांगलं लक्षात राहिलं.

"माझं जास्त चुकलं," तात्या म्हणाले. "गुणाजी, तो नियम आजपासून रद्द. चूक दिसली की बोलायचं. कुणीही समोर असो."

दुपारी रेहानाबाई आल्या. तारा सुलट झाल्या होत्या. पहिला 'घे' पडला आणि डग्ग्याचा घुमारा सीटमधून पाठीत शिरला. बाईंनी डोळे मिटले. तात्यांनी मान डोलावली. कान शाबूत होते.

"तात्या," गुणाजी सगळ्यांदेखत म्हणाला, "अजून एक चूक राहिली आहे."

तात्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"बोल," तात्या म्हणाले.

"बाई उजवीकडे बसतात. उजवा स्पीकर डाव्यापेक्षा त्यांच्या कानाला अर्धा मीटर जवळ आहे, त्यामुळे त्याचा आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट आधी पोचतो. सगळा तबला एका दारात बसल्यासारखा वाटतो. उजव्याला तेवढा विलंब (मुद्दाम दिलेला उशीर) द्यायला हवा. तुम्ही विसरलात."

तात्या त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले, अगदी पोटातून. त्यांनी विलंब जुळवला आणि तबला दारातून निघून बाईंच्या बरोबर समोर, काचेपाशी येऊन बसला.

"पुढच्या महिन्यात संगीतशाळेची बस आणायची म्हणते," रेहानाबाई म्हणाल्या. "बारा स्पीकर आहेत. पण तुम्ही उद्या बंद करताय म्हणे?"

तात्यांनी गुणाजीकडे पाहिलं, मग केतकीकडे.

"आणा बस," ते म्हणाले. "माझ्या चुका काढायला आता दोघं आहेत."