मिल्टननंतरचा घोट

त्या रविवारी साल्तो गावातल्या घराच्या अंगणात नेहमीचीच तिघं बसली होती: एल्बा, तिची थोरली मुलगी नीबिया आणि व्यसनमुक्ती केंद्रातून परतून अकरा महिने झालेला धाकटा मिल्टन. माते नावाच्या चहाचं भोपळ्याचं भांडं एकच, नळीही एकच. एल्बा गरम पाणी ओतून ते आळीपाळीने देत होती. मिल्टननंतर आपली पाळी आली, तशी नीबिया म्हणाली, "नको, पित्त होतं."

"अकरा महिने पित्त? डॉक्टरला दाखव बाई!" म्हणत एल्बाने नळी न पुसताच घोट घेतला.

"म्हातारे, माझं उष्टं पिऊन बिघडशील हं!" मिल्टन म्हणाला.

"आता काय बिघडायचं राहिलंय माझं?"

नीबियाला हसू आलं नाही. नशेपायी याने शेगडीचा गॅस सिलिंडरसुद्धा विकला होता... आणि आईने मात्र तो परतला त्याच दिवशी घराची किल्ली त्याच्या हातात ठेवली! पहारा नको, सोबत द्या, असं केंद्रातल्या बाईंनी सांगितलं होतं. म्हणून आई रोज सकाळी सहाला त्याच्याबरोबर चहाला बसायची आणि भाजीचा भाव विचारावा तशा सुरात विचारायची, "काल ओढावंसं वाटलं का रे?" तोही खरं सांगायचा.

सोमवारी दुपारी कपडे वाळत घालताना एल्बा कोसळली, ती उठलीच नाही. मंगळवारी दफन झालं.

बुधवारी नीबिया आली तेव्हा मिल्टन पिशवी भरत होता.

"कुठे?"

"माँतेविदेओला. काम बघतो."

तिथे काम नव्हतं, नशेचे जुने सोबती होते. दोघांनाही ते ठाऊक होतं.

"पाणी तापलंय. पिऊन जा."

तो उभ्यानेच प्यायला. तिने भांडं परत घेतलं, पुन्हा पाणी ओतलं आणि नळी तशीच ओठांना लावली.

"दया नको, ताई," तो म्हणाला. "आई गेली आणि तुझं पित्तही गेलं?"

तिचा चेहरा तापला. उठून निघून जावं असं वाटलं... पण मग पिशवीची चेन लावून तो ती पुन्हा उघडताना तिला दिसला.

"ओढावंसं वाटतंय?"

त्याने चेन सोडून दिली. "सोमवारपासून. विचारणारं कोणी नव्हतं."

नीबियाने भांडं खाली ठेवलं.

"मिल्टन, तू दोन वर्षं बेपत्ता होतास ना, तेव्हा फोन वाजला की मला वाटायचं, तू गेल्याची बातमी असू दे. आईला एकदाची झोप लागेल... मी देवाकडे तेच मागितलं होतं. तुझं मरण मागितलं होतं मी. म्हणून तुझ्याकडे बघवत नव्हतं मला. आता तसं नाही रे. मला तू जिवंत हवा आहेस, इथे हवा आहेस. जाऊ नकोस."