तिसरा सावेरियो

"कोमारे, तुमच्या पाया पडते, पण ते नाव घेऊ नका हो... दुसरं कुठलंही घ्या!"

जेरार्दाने फिलोमेनाची काळी शाल दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवली होती. फिलोमेना बाळाची धर्ममाता, म्हणून तिला 'कोमारे' म्हणायचं. तिच्या हातांवर पांढऱ्या लेसच्या झबल्यात बाळ निजलं होतं, आणि दृष्ट लागू नये म्हणून छातीशी पोवळ्याचं इवलं शिंग टाचलेलं होतं. खाली गल्लीत जेरार्दाचा म्हातारा सासरा सावेरियो काठी टेकून वाट बघत उभा होता. बाप्तिस्म्याला आईने जायचं नाही, अशी त्या डोंगरातल्या गावाची रीत. बाळंतीण घरात बसणार, आणि पाद्रीबाबांनी विचारलं की नाव सांगायचा मान धर्ममातेचा.

"अगं, नातवाला आजोबांचंच नाव! हे काय मी तुला सांगायला हवं?" फिलोमेना दबक्या आवाजात म्हणाली. "भर चर्चमध्ये मी मिकेले-बिकेले असं दुसरंच काही म्हटलं, तर म्हातारा मला काठीने बडवेल. आणि तुला? तुला तर पोरासकट रस्त्यावर काढेल!"

"काढू दे! पोर जिवंत असेल ना..."

"बघते," एवढंच म्हणून फिलोमेना जिना उतरली. ते 'बघते' काही कामाचं नव्हतं, हे जेरार्दाला कळत का नव्हतं!

या घरात आधी दोन सावेरियो जन्मले होते, आणि दोघंही दात यायच्या आतच टेकडीवरच्या दफनभूमीत सायप्रसच्या सावलीत जाऊन निजले होते. पहिला गेला तेव्हा त्याच्या शवपेटीशेजारी उभं राहून सासरा गरजला होता, "नाव मोडायचं नाही! गेलेल्याचं नाव येणाऱ्याला!" तसंच झालं... आणि येणाराही गेला! दुसऱ्याच्या वेळी म्हातारा एक शब्द बोलला नाही. त्या दिवसापासून तो जेरार्दाशीही बोलेनासा झाला. नवरा निकोला दूर बेल्जियममध्ये कोळशाच्या खाणीत. तो घरी असता तरी काय उजेड पाडणार होता, बापासमोर त्याची बोबडीच वळायची!

आता हा तिसरा. म्हाताऱ्याने त्याला एकदाही हात लावला नव्हता. उंबरठ्याशी यायचा, पाळण्याकडे एक नजर टाकायचा आणि पाठ फिरवायचा. जेरार्दाचं काळीज तिळतिळ तुटायचं. नातू हवा तो फक्त नावापुरता, असा पाषाणहृदयी माणूस! तिचे वडील दोनातो मागच्या हिवाळ्यात वारले, तेव्हाही त्याने शोकाचं अवाक्षर काढलं नव्हतं. बांधावरच्या ऑलिव्हच्या झाडांवरून दोघांचं जन्माचं वैर. दोनातो हे नाव या घरात निघालं की म्हातारा भरल्या ताटावरून उठत असे.

चर्चची घंटा वाजली आणि जेरार्दाच्या अंगावर सर्रकन काटा आला. आता पाद्रीबाबा विचारत असतील... आता फिलोमेना तोंड उघडत असेल... तिने आधारासाठी हात टेकला, तो नेमका रिकाम्या पाळण्यावर, आणि पाळणा हलला! रिकामा पाळणा हलला की मूल दगावतं, असं तिची आई म्हणायची. तिने झटकन पाळण्याला कवटाळलं, गच्च धरून ठेवलं, आणि पवित्र मातेला विनवू लागली, "माझं काय हवं ते घे माउली, पण माझ्या बाळाला त्या नावापासून वाचव!"

जिन्यावर पावलं वाजली. आधी फिलोमेना आत आली. चेहरा पांढराफटक, गालांवर आसवं.

"कोमारे, कुठलं नाव? बोला ना! सावेरियोच ना?"

फिलोमेना बाजूला सरली. तिच्यामागे दारात म्हातारा येऊन उभा राहिला. जेरार्दा धाडकन गुडघ्यांवर कोसळली.

"बाबा, मीच तिला गळ घातली होती! मला हाकलून द्या, उद्या कशाला, आत्ताच जाते... पण माझ्या लेकराला ते नाव नको हो, तुमच्या पाया पडते!"

"ऊठ," म्हातारा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ओली बाळंतीण तू. फरशी गार आहे."

"अगं, मला नाही जमलं," फिलोमेना हुंदके देत बोलली. "पाद्रीबाबांनी विचारलं, पुन्हा विचारलं, आणि माझा आवाजच बसला! तेव्हा हे स्वतः पुढे झाले. सगळ्या गावासमोर म्हणाले, माझं नाव नाही, याच्या आईच्या बापाचं ठेवा... दोनातो!"

जेरार्दाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. खाली गल्लीत पोरं बाप्तिस्म्याला वाटायच्या, साखरेत घोळलेल्या बदामांसाठी कल्ला करत होती. म्हाताऱ्याने हातातली टोपी चुरगाळली.

"त्या दोघांच्या पेट्या मीच खांद्यावरून नेल्या, पोरी. माझंच नाव माझ्या हातांनी मातीत ठेवलं. वाटायचं, एका घरात दोन सावेरियो त्या देवाला खपत नसतील, तर म्हाताऱ्याला ने ना! कोवळ्यांना कशाला? तुझ्याकडे कुठल्या तोंडाने बघणार होतो मी? हट्ट माझा होता. हे नाव आता माझ्याबरोबरच जाऊ दे. पुढचा झाला तरी नको."

"पण बाबा, तुम्ही त्याच्याजवळसुद्धा कधी आला नाहीत..."

"भीती वाटायची गं! माझी सावली पडून यालाही काही झालं तर..."

जेरार्दाच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतके दिवस ज्या भीतीने तिला झोप नव्हती, तीच भीती भिंतीपलीकडे हा म्हातारा एकटा उराशी घेऊन बसला होता, आणि ती त्याला दगड म्हणत होती!

तो अजूनही उंबरठ्याबाहेरच उभा होता.

"आता... आता घेऊ का गं मी त्याला?"

जेरार्दाने फिलोमेनाच्या हातांतून बाळ घेतलं आणि सासऱ्याच्या हातांवर ठेवलं. म्हाताऱ्याने पोवळ्याचं शिंग नीट केलं, खाली वाकला, आणि या घरात ज्या नावाने आयुष्यभर त्याचा घास अडायचा, त्याच नावाने त्याने नातवाला पहिली हाक मारली.

"दोनातो... अरे दोनातो, जग रे बाबा!"